वेचणीच्या दिवसांतली मोरी

दसरा उलटला की धुळ्याहून जळगावला जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना कापूस फुटायला लागतो. पारोळा मागे पडलं की एसटीच्या खिडकीतून वेचणीच्या बायका दिसतात. कमरेला झोळी, डोक्यावर घट्ट रुमाल, साडीवरून चढवलेला नवऱ्याचा जुना शर्ट. दवानं ओली झालेली झाडं त्यांच्या मांड्यांना घासत असतात. महिन्यातून एकदा बैठकीसाठी मी अजून या रस्त्याने जाते. शेजारच्या बाकावरच्यांना त्या शेतांत कापूस दिसत असेल. मला एक काळीपांढरी गाय दिसते, आणि तिच्या दावणीपाशी उभी असलेली इंदूअक्का.

तेव्हा मी पशुधन पर्यवेक्षक म्हणून नवीनच लागले होते. धरणगाव तालुक्यातल्या एका लहान गावाबाहेरचा दोन खोल्यांचा दवाखाना माझ्याकडे होता, आणि आजूबाजूची चार गावं त्याला जोडलेली होती. माझं लहानपण सगळं धुळे शहरात गेलं. वडील एसटीत वाहक होते. आमच्या वस्तीतल्या विहारात संध्याकाळी अभ्यासिका भरायची, तिथल्या ट्यूबलाइटखाली बसून मी डिप्लोमापर्यंत पोचले. घरात कधी शेळीसुद्धा बांधली नव्हती. गाईविषयी मला जे माहीत होतं ते पुस्तकातलं होतं. पण ते फार नीट माहीत होतं, आणि पंचविशीत माणसाला जे नीट माहीत असतं ते चारचौघांना सांगितल्याशिवाय चैन पडत नाही.

नवरात्र संपल्यावर मी त्या चारांपैकी एका गावात पहिली सभा घेतली. मारुतीच्या पारावर सतरंजी घातली, मागे मोठ्या गोठ्याचं चित्र असलेला फलक बांधला आणि बोटांवर मोजत एकेक गोष्ट सांगितली. गाय दिवसभर दाव्याला बांधून ठेवू नका, कुंपण करून तिला मोकळी फिरू द्या. तिच्यापुढे चोवीस तास पाणी असू द्या. मका हिरवा असतानाच कापा, त्याची कुट्टी करा, पिशवीत हवाबंद दाबून मुरघास करा, म्हणजे चैत्र-वैशाखात चाऱ्याची चिंता नाही. आणि गाय माजावर आली की वेळेत भरवून घ्या, म्हणजे कृत्रिम रेतन करून घ्या. वीस-पंचवीस पुरुष बसले होते. सगळ्यांनी माना डोलावल्या. एकाने अनुदानाचं विचारलं. चहा झाला, फलकापुढे उभं राहून फोटो निघाला.

सभा मी मुद्दाम संध्याकाळी सहाला ठेवली होती, तोवर माणसं शेतातून घरी येतात म्हणून. त्याच वेळेला गावातल्या सगळ्या बायका धारा काढायला बसलेल्या असतात, हे माझ्या ध्यानात यायला पुढे कितीतरी दिवस लागले. एक बाई मात्र शेणाची पाटी डोक्यावर घेऊन पाराजवळून जाता जाता थांबली होती. मी तिला येऊन बसायला सांगितलं. हात शेणाचे आहेत अशी खूण करून ती तिथेच उभी राहिली. सभा मोडल्यावर मी फलक सोडत होते, तेव्हा ती जवळ आली आणि हळू आवाजात तिने विचारलं,

"बाई, त्या फोटोमधली गायले पानी कोन पाजस?"

मला हसू आलं. प्रश्न भाबडा वाटला. तिला मी सांगितलं की अशा गोठ्यात पाणी पाजावं लागत नाही, हौद भरलेला असतो, गाय आपली आपण पिते. तिने मान हलवली, पाटी सावरली आणि गेली. ती इंदूअक्का.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या घरी गेले. नवरा भिकननाना ओट्यावर बसला होता. दोघांचं दोन बिघे कोरडवाहू शेत, दोन्ही मुली लग्न होऊन चोपड्याकडे दिलेल्या, आणि घरात ही एक संकरित गाय, मोरी. नानाने मोठ्या हौसेने आणली होती. तिचं पहिलं वेत चांगलं गेलं होतं. आता वासरू सुटलं होतं, दूध आटत आलं होतं आणि गाय पुन्हा गाभण राहणं आवश्यक होतं. एकदा नानाच्या फोनवरून मीच येऊन भरवून गेले होते, पण तीन आठवड्यांनी ती पुन्हा माजावर आली होती. याला आमच्याकडे गाय उलटली म्हणतात, म्हणून नुकतीच तिला दुसऱ्यांदा भरवलं होतं.

गोठा म्हणजे अक्काचं घर आणि दिराचं घर यांच्यामधली पत्र्याची पडवी. मी पावलांनी मोजली, आठ पावलं लांब, पाच रुंद. मोरीला मोकळं सोडायचं म्हटलं तर कुठे, हे मला त्या पडवीत उभं राहून सांगता येईना. पलीकडे दिराचा दरवाजा, अलीकडे गावाचा रस्ता, आणि रस्त्यापलीकडे दुसऱ्याचा कापूस. मुरघासाचं विचारलं तर नानाने बांधावरचा मका दाखवला, चार ओळी. कुट्टीचं यंत्र एरंडोलहून भाड्याने येतं, पण एक एकराच्या आत असेल तर मालक गाडी काढत नाही, असं तो म्हणाला. मी उत्साहाने म्हटलं, मग पाण्यापासून सुरुवात करू. दवाखान्यात औषधाचं एक रिकामं प्लास्टिकचं पिंप होतं. ते मधोमध कापून मी स्वतः स्कूटीवर बांधून आणलं आणि मोरीच्या तोंडापुढे ठेवलं.

त्यानंतर दहा-बारा दिवस ते पिंप रोज भरलेलं होतं. मोरी पाणी जास्त पिऊ लागली, चारा नीट खाऊ लागली, आटत आलेलं दूध थोडं सावरलं. डेअरीत दूध घालायला नाना जात असे, कारण डेअरीचं सभासदत्व त्याच्या नावावर होतं. तिथे चार लोकांत त्याने पिंपाची गोष्ट सांगितल्याचं मला कळलं आणि मी हरखून गेले. मग वेचणी सुरू झाली. एके दिवशी मी सहज डोकावले तर पिंप कोरडं होतं. दोन दिवसांनी पुन्हा गेले, पुन्हा कोरडं, तळाला कडब्याच्या काड्या आणि एक मेलेला भुंगा. मी कोणाला काही बोलले नाही. दवाखान्यात येऊन अहवालाच्या वहीत लिहिलं, 'वारंवार सांगूनही अंमलबजावणी नाही. पशुपालक उदासीन.' अक्षर चांगलं आलं होतं. त्या वेळी मला त्या वाक्याचा अभिमानच वाटला असणार.

आता माझ्या टेबलावर असले अहवाल येतात. नवीन पोरंपोरी लिहितात, बहुतेक तीच वाक्यं असतात. सुधारित गोठा नाही, कारण माहितीचा अभाव. मुरघास नाही, कारण अनास्था. कोणाचं लिहिणं खोटं नसतं. दुपारी बारा वाजता गावात गेलं की तसंच दिसतं. मी मात्र लाळ्या-खुरकुताच्या लसीकरणामुळे एकदा सकाळी सहाला त्या गल्लीत गेले आणि माझी नजर बदलली.

थंडी नुकती लागली होती. गाई चरायला सुटायच्या आत लस टोचून व्हावी म्हणून मी लवकर निघाले होते. अक्काच्या दारात पोचले तेव्हा ती दोन हंडे आणि एक कळशी घेऊन निघाली होती. गावाच्या नळाला दर चौथ्या दिवशी पाणी यायचं. मधले दिवस सगळी गल्ली हातपंपावर, आणि हातपंप शाळेच्या मागे. मोरीला टोचून झाल्यावर मी अक्काबरोबर पंपापर्यंत चालत गेले. पंपावर आधीच सात-आठ बायका होत्या. घरच्या पाण्याच्या दोन खेपा, मोरीच्या पाण्याच्या तीन. परत आल्यावर शेण काढणं, धार काढणं, चूल, कळण्याची भाकर, ठेचा. आठ वाजता ती डोक्याला रुमाल बांधून वेचणीला निघाली. आपला कापूस दोन दिवसांत वेचून झाला होता, आता दुसऱ्यांच्या वावरात रोजाने जायचं होतं. ती परत यायची ती संध्याकाळी, पुन्हा धारेला.

मी पिंपाकडे पाहिलं. ते दिवसभर भरलेलं ठेवायचं तर आणखी तीन खेपा लागतात. वेचणी नव्हती तोवर त्या तीन खेपा तिने घातल्या होत्या, माझं ऐकून. माझ्या सगळ्या सुधारणेचं वजन कोणाच्या डोक्यावर होतं ते मला त्या सकाळी दिसलं. पारावर तिने विचारलेला प्रश्नही मला तेव्हाच नीट ऐकू आला.

त्याच सुमाराला, दिवाळीच्या तोंडावर, मोरी दुसऱ्यांदा उलटली होती, आणि तो माजही भरवण्याआधीच सरला होता. मी नोंदवही काढून बसले. गाईचा माज फार थोडा वेळ टिकतो. सकाळी लक्षण दिसलं तर त्याच दिवशी सांजेपर्यंत तिला भरवावं लागतं, दुसरा दिवस उजाडला की बहुतेक वेळ गेलेली असते. याआधी दोन्ही वेळा माझ्या वहीत रेतन सकाळी आठचं होतं. मला निरोप त्याच सकाळी आला होता आणि मी तासाभरात पोचले होते. मग चुकत होतं कुठे? मी नानाला विचारलं, गाय माजावर आली हे तुम्हाला कधी कळलं. तो म्हणाला, आदल्या रात्री जेवताना हिने सांगितलं, आणि उजाडल्यावर मी फोन लावला. मी अक्काला विचारलं. तिला आदल्या दिवशी पहाटे धारेच्या वेळीच कळलं होतं. गाय हंबरत होती, चाऱ्याला तोंड लावत नव्हती, काचेसारखी स्वच्छ बळस, म्हणजे चिकट स्राव, टाकत होती. माझ्या पुस्तकात माजाची जेवढी लक्षणं होती तेवढी तिने सांगितली, वर एक पुस्तकात नसलेलंही सांगितलं, की त्या दिवशी मोरी तिच्या खांद्यावर हनुवटी ठेवते.

मग दिवसभर सांगितलं का नाही, असं मी विचारलं. तिने नवऱ्याकडे पाहिलं. नाना त्या दिवसांत पहाटेच धरणगावच्या कापूस जिनिंगकडे गाडीवर कामाला जात असे. ती म्हणाली,

"मी गायजोडे ऱ्हास, बाई. फोन त्यास्ना खिसामा ऱ्हास."

गाईजवळ ती, आणि फोन त्याच्या खिशात; तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. नानालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. घरात एकच फोन, तो बाहेर जाणाऱ्या माणसाकडे असायचा. मी मात्र त्या वाक्याशी अडून राहिले. आमच्या प्रशिक्षणात माजाची लक्षणं नानांना शिकवली जात होती आणि ती लक्षणं रोज पहाटे अक्कांना दिसत होती. त्या दोघांच्या मध्ये अख्खा एक दिवस जात होता, आणि तेवढ्यात माज सरत होता.

मी तिला म्हटलं, आता दिवाळीनंतर मोरी पुन्हा माजावर येईल. तेव्हा कोणाची वाट पाहू नका, सरळ दवाखान्यात या. दवाखाना तिच्या घरापासून चार किलोमीटरवर होता. ती हो म्हणाली.

आणि ती आली. तुळशीचं लग्न होऊन दोन दिवस झाले होते. पहाटे धार काढताना मोरीची लक्षणं दिसली, तशी तिने वेचणीच्या मुकादमाला आज येत नाही म्हणून कळवलं आणि चार किलोमीटर चालत दवाखान्यात आली. मी तिथे नव्हते. मी जळगावला एका सभागृहात होते. दिवसभराची कार्यशाळा होती आणि विषय होता, सुधारित पशुपालन स्वीकारण्यात लहान शेतकऱ्यांना येणाऱ्या अडचणी. मला पंधरा मिनिटं बोलायला दिली होती. मी पाण्याविषयी बोलले, फोनविषयी बोलले, नाव न घेता इंदूअक्काविषयी बोलले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुपारच्या जेवणात वांग्याचं भरीत होतं, पुरी होती. एका साहेबांनी मला बोलावून सांगितलं की तुम्हाला खेड्याची चांगली जाण आहे.

अक्का त्या वेळी माझ्या दवाखान्याच्या पायरीवर बसली होती. दवाखान्यातल्या परिचराने तिला मॅडम उद्या येतील म्हणून सांगितलं होतं. तरी ती दुपारपर्यंत बसली, कदाचित लवकर येतील म्हणून. मग उठून चार किलोमीटर परत गेली. मी रात्री थेट खोलीवर गेले आणि मला हे दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. सामान घेऊन मी धावत तिच्याकडे पोचले. मोरी शांतपणे रवंथ करत होती. मी तपासलं, वेळ गेली होती. गोठवलेल्या रेताच्या कांड्या ठेवलेला माझ्या हातातला नायट्रोजनचा कॅन तसाच उघडून तसाच बंद केला. अक्का कडब्याची पेंढी सोडत होती.  हात न थांबवता ती म्हणाली,

"मी उनू व्हतू, बाई. दुपारलोंग बसनू."

 ती रागावून बोलली असती तर बरं झालं असतं. त्या दिवशी मी स्कूटी ढकलतच गावाबाहेर आले, चालवावीशी वाटली नाही. सभागृहात मी ज्यांची यादी वाचली त्या अडचणींमध्ये एक नाव राहून गेलं होतं, ते माझं होतं. दवाखान्यात गाय भरवू शकणारी एकटी मी, आणि मी बैठकीला गेले की पाच गावांना कोणीच नाही, हे मी कोणत्याही कागदावर लिहिलं नव्हतं.

आठवड्याने नानाचा निरोप आला, मोरी विकायची आहे, तिच्या आरोग्याचा दाखला हवा. मी गेले. व्यापारी येऊन पाहून गेला होता. नाना वाईट माणूस नव्हता, हे मला इथे सांगायलाच हवं. त्याने मला ओट्यावर बसवलं, पाणी दिलं आणि शांतपणे समजावलं. कडबा संपत आला आहे. भाकड गाय उन्हाळ्यात कशी पोसू. मी म्हटलं, गावातल्या पाटलांच्या मळ्यात याच जातीच्या गाई आहेत, तिथेही एखादी उलटते, मग पुन्हा राहते. तेव्हा तो म्हणाला,

"मोठा मानूसना घर दहा गाया ऱ्हातस. एक बिघडनी ते नऊ शेतस. मना घर एकच शे. तिनावर मी शिकू कसा?"

 नवीन काही करून पाहायचं तर ते फसण्याचीही सोय असावी लागते. मळेवाल्याकडे ती असते. नानाकडे एका गाईएवढीच जागा होती, तीत फसणं बसत नव्हतं. आम्ही त्याला भीती म्हणतो, अडाणीपणा म्हणतो. मी त्याच्या ओट्यावर बसून विचार केला की मी त्याच्या जागी असते तर काय केलं असतं. मी मोरी विकली असती.

दाखल्याचा कागद मी पिशवीतून काढला. इंदूअक्का उंबऱ्यात उभी होती, हातात पिठाची परात होती. नवऱ्याच्या बोलण्यात ती कधी मध्ये पडलेली मी पाहिली नव्हती. ती म्हणाली,

"मोरी इकानी नही."

नानाने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. ती नजर खाली न घालता उभी राहिली. परातीतलं पीठ तिने एका हाताने उगाच सारखं केलं. मग तिने मोजक्या शब्दांत सांगितलं की गाईत काही खोट नाही, खोट वेळेत आहे, आणि वेळ आपल्याला साधता येईल. मागच्या खेपेला ती स्वतः दवाखान्यात गेली होती, पण बाई नव्हत्या. आता एकदा आम्ही दोघी वेळेवर असू द्या, असं ती म्हणाली.  नानाने रस्त्याकडे पाहिलं आणि तो एवढंच म्हणाला की पुढचा माज येईपर्यंत थांबू. माझ्याकडे पाहून त्याने कागद ठेवून द्या अशी खूण केली.

मार्गशीर्ष होता. सकाळी शेकोट्यांचा धूर गल्लीत खाली उतरून राहायचा. अक्का आणि मी दोघींनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत मागच्या माजापासून दिवस मोजले. अठराव्या दिवसापासून मी रोज सकाळ-संध्याकाळ तिच्या दारावरून जायचं ठरवलं, वाट वाकडी करून. एका बैठकीचा निरोप आला, मी आजारी असल्याचं कळवलं. नोकरीत मी खोटं बोलले ते तेवढं एकदाच. अक्काने वेचणी सोडली नाही, सोडणं शक्यच नव्हतं. पण ती गावालगतच्या वावरातच जायची आणि दुपारी एकदा घरी येऊन गाय पाहून जायची. मीठ आणि खनिज मिश्रण मी दिलं ते ती सरकीच्या पेंडीत कालवून घालत होती. मोरीला त्याची चव आवडेना, तर अक्का मुठीने चारायची.

एकोणिसावा दिवस गेला. विसावा गेला. एकविसाव्या दिवशी सकाळी मी गेले तर नाना घरीच होता. जिनिंगला गेला नव्हता. गोठ्यात उकिडवा बसून तो मोरीकडे टक लावून पाहत होता. मला म्हणाला, मला तर काही दिसत नाही. मलाही काही दिसलं नाही. अक्का आतून आली, मोरीच्या मानेवरून हात फिरवला आणि म्हणाली, आज नाही, उद्या पहाटे. कशावरून, असं मी विचारलं. तिने पुन्हा मोरीच्या मानेवरून हात फिरवला.

दुसऱ्या दिवशी सूर्य उगवताना माझा फोन वाजला. नंबर नानाचा होता, पण बोलत अक्का होती. पलीकडून तिचा आवाज फार मोठा येत होता, फोनवर बोलायची सवय नसलेल्या माणसाचा असतो तसा. मोरी माजावर आली होती. मी त्याच संध्याकाळी तिला भरवलं. गोठवलेल्या रेताची कांडी आधी कोमट पाण्यात धरली. अक्का मोरीच्या तोंडाशी उभी होती आणि मोरीची हनुवटी तिच्या खांद्यावर होती. नाना शेपटी धरून उभा होता. 

पुढचे तीन आठवडे कशी वाट पाहिली ते सांगता येणार नाही. परीक्षेच्या निकालाचीही मी अशी वाट पाहिली नव्हती. बाविसाव्या दिवशी काही झालं नाही. पंचविसाव्या दिवशीही नाही. फाल्गुनात, होळीच्या आधी, मी कोपरापर्यंत हातमोजा चढवून मोरीची तपासणी केली. बोटांना ती लहानशी भरलेली गाठ लागली तेव्हा मी डोळे मिटून घेतले. नाना दारातून काय काय म्हणून विचारत होता. मी अक्काकडे वळून तिला आधी सांगितलं. तिने पदराने तोंड पुसलं आणि घरात गेली. थोड्या वेळाने चहा आला, साखर जरा जास्तच पडली होती.

ही गोष्ट सांगितली की ऐकणाऱ्याला वाटतं, म्हणजे सगळं सुधारलं. तसं झालं नाही. पिंप त्या उन्हाळ्यात कोरडंच राहिलं, कारण हातपंपच आटत आला होता. मुरघास त्या गल्लीत आजही कोणी करत नाही. यंत्रवाला अजून एकराखाली येत नाही. गोठा आठ पावलांचाच आहे. पुढे माझी सभा मी गल्लीत, बायका धारेतून मोकळ्या झाल्यावर घेऊ लागले. फलक बांधणं बंद केलं. आधी विचारायचं, मग सांगायचं, एवढं शिकले. त्याने दूधगंगा वाहिली नाही, पण काही गाई वेळेवर भरल्या गेल्या. आषाढात माझी बदली धुळ्याला झाली.

भाद्रपदात परिचराचा फोन आला की इंदूअक्काची मोरी आज-उद्या विणार. मी रजा टाकली आणि पहाटेची एसटी धरली. पिशवीत बाळंत गाईची काळजी सांगणारं माहितीपत्रक होतं, सवय जात नाही. मी पोचले तेव्हा नऊ वाजले होते. शेतात कापूस कमरेएवढा झाला होता, पिवळी फुलं लागली होती. पडवीत गर्दी होती. मोरी व्याली होती. वासरू कोरडं पुसलेलं, नाळ कापून त्यावर औषध लावलेलं, आणि पहिला चीक त्याच्या पोटात गेलेला. माझ्या पत्रकातल्या पहिल्या तीन ओळी मी यायच्या आधीच होऊन गेल्या होत्या.

गोऱ्हा होता. दुधाच्या हिशेबाने पाहिलं तर कालवड हवी होती. नानाचा चेहरा थोडा पडलेला होता, पण तो मोरीसाठी गूळ आणि बाजरी शिजवत होता.   अक्का शेजारच्या घरी नुकत्याच लग्न होऊन आलेल्या सुनेला काहीतरी समजावत होती. त्या सुनेच्या सासरी एक पाडी, म्हणजे अजून न व्यालेली कालवड होती, पहिल्यांदा माजावर यायच्या वयाची. अक्का तिला सांगत होती की दिवस मोजून ठेवायचा, पहाटे आधी गाईकडे पाहायचं मग चुलीकडे, आणि सकाळी कळलं तर त्याच सांजेला, दुसऱ्या दिवसावर ढकलायचं नाही. बळस कशी असते, गाय कशी हंबरते, सगळं. एखाद्या शिकवणाऱ्या बाईने सांगावं त्याहून सोपं. मी मागे उभी राहून ऐकत होते. मध्ये एकदा बोलावंसं वाटलं, पण दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं.

त्या नव्या सुनेचं लक्ष माझ्याकडे गेलं. माझी चप्पल, पिशवी, घड्याळ पाहून तिने अक्काला हळूच विचारलं, या कोण. इंदूअक्काने गोऱ्ह्याच्या अंगावरून हात न काढता माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाली,

"ह्या डॉक्टरीणबाई शेतस. आमना गोठामाच शिकन्यात."

सगळ्या बायका हसल्या. नानाही हसला. अक्काने मला जवळ बोलावलं आणि गोऱ्ह्याला धरायला सांगितलं, तिला मोरीची वार पडली का ते बघायचं होतं. मी पिशवी भिंतीशी ठेवली आणि खाली बसले. गोऱ्हा पायांवर उभा राहायला धडपडत होता. त्याला मी छातीशी धरलं आणि ती सांगत गेली तसं करत राहिले.